वाचणाऱ्याची छत्री

‘तिसरा मजला,’ लिफ्ट म्हणाली, आणि नेहमीच्या सवयीने लसिताही तिच्याबरोबर म्हणाली. पण त्या सकाळी आवाज एकच आला. हातात दुधाची पिशवी होती, तिच्यावरचे गार पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होते, आणि छतातल्या जाळीतून तिचाच आवाज, काही वर्षांपूर्वी एका दुपारी बंद खोलीत ध्वनिमुद्रित केलेला, ‘दार उघडत आहे’ असे तिला सांगत होता. तिने पुन्हा ओठ हलवले. घशात दुखत नव्हते, खवखवत नव्हते. घसा स्वच्छ होता. एखादे भांडे घासून पालथे घालून ठेवावे तसा. दार उघडले, मिटले. ती आतच उभी राहिली, आणि तिचा आवाज तिला वर घेऊन गेला आणि खाली घेऊन आला. पाचव्या मजल्यावरचे वकील आत शिरले, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि उत्तराची वाट पाहत राहिले. उत्तरादाखल लिफ्ट ‘तळमजला’ म्हणाली. वकिलांनी समाधानाने मान हलवली, जणू त्यांना हवे ते मिळाले होते.

एर्णाकुलममध्ये हा आवाज पुष्कळ ठिकाणी होता. बँकेच्या दूरध्वनीवर होता, दवाखान्याच्या रांगेत होता, गाड्या लावायच्या तळघरात होता. तिला चेची, म्हणजे ताई म्हणणारा स्टुडिओचा मालक फेबिन विनोदाने म्हणत असे, ‘चेची, अर्ध्या शहराला तू उभं करतेस आणि अर्ध्याला बसवतेस.’ डॉक्टरने नळी घालून पाहिले आणि स्वरतंतू निरोगी आहेत असे सांगितले. मग चष्मा काढून, जरा ओशाळून विचारले, ‘मन कशात अडकलंय का?’ तिने फोनवर लिहून दाखवले : नाही. फेबिनने सोमवारपर्यंतची मुदत दिली. नव्या बोटींच्या घोषणा होत्या. सगळ्या धक्क्यांची नावे तिच्याच आवाजात हवी होती, कारण बोटवाल्यांनी बँकेच्या फोनवर तो ऐकला होता. ती नावे ती रोज आरशासमोर म्हणून पाहू लागली. आरशातले तोंड व्यवस्थित म्हणत होते. आपण एखादा मूक चित्रपट पाहत आहोत असे तिला वाटे, आणि खालून, सहा-सात मिनिटांच्या अंतराने, लिफ्टचा शांत, आर्जवी, थकवा न जाणणारा स्वर वर येई. तो ऐकताना प्रथमच तिच्या मनात आले की हा आवाज आपल्याला ओळखत नाही.

त्याच आठवड्यात गावाहून, पुळक्करहून, तिथल्या वाचनशाळेत छत्र्या शिवणाऱ्या रोहिणीचेचीचा फोन आला. लसिताच्या वडिलांना, अच्छनला, जाऊन वर्ष होत आले होते. लसिताने फोन कानाला लावला. ‘ऐकतेयस ना?’ रोहिणीचेची म्हणाली. ‘श्वास ऐकू येतोय म्हणजे आहेस. बोलू नकोस, बोलायला मी आहे. वर्षश्राद्धाला ये. आणि जरा दोन दिवस जास्तीचे काढून ये, मोळे, माझ्या लेकी. तुझी छत्री कधीपासून टांगून ठेवलीय.’ मग मागे कोणीतरी हसले, कोणीतरी काहीतरी बोलले, आणि फोन बंद झाला. तुझी छत्री. लसिता खिडकीशी उभी राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई पांढऱ्या चादरी झटकत होती, आणि प्रत्येक झटक्याचा आवाज चादर खाली आल्यावर, जरा उशिराने, येत होता.

गाडी उत्तरेकडे निघाली तशी नद्यांची रुंदी वाढत गेली. डब्यात समोर बसलेला माणूस वर्तमानपत्र वाचत होता, मनातल्या मनात, ओठ न हलवता. आणि लसिताला ते अशिष्ट वाटले. तिला स्वतःचे नवल वाटले. लहानपणी पुळक्करात एकट्याने वर्तमानपत्र वाचणारा माणूस तिने पाहिलाच नव्हता. विडी कामगारांच्या संस्थेच्या गावातल्या शाखेत, लांबलचक कौलारू शेडमध्ये, मांडीवर सूप घेऊन बायका-पुरुष रांगेने बसत. कात्री, पान, तंबाखू, दोरा. आणि मधोमध उंच स्टुलावर अच्छन. तो वळत नसे, वाचत असे. सकाळी बातम्या, जेवणानंतर कादंबरी. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळत. आपल्या सुपातून मूठभर काढून प्रत्येक जण त्याच्या सुपात टाकी. कुंजंबू वाचणारा, असेच गाव त्याला म्हणे. ते रिकामे सूप दुपारपर्यंत कसे भरत जाई हे ती दाराशी बसून पाहत असे आणि तिला वाटे, अच्छनच्या तोंडून निघालेला शब्दच पलीकडे जाऊन विडी होऊन पडतो. हे तिने एकदा आईला सांगितले. आई म्हणाली, ‘मग घरी कमी बोलायला सांग त्यांना, शाखेसाठी विड्या उरायच्या.’ विडीचे दिवस सरले, शाखा बंद पडली. उरलेल्या बायकांना अच्छनने गावच्या वाचनशाळेच्या मागच्या दालनात आणले. तो तेव्हा वाचनशाळेचा ग्रंथपाल झाला होता. छत्री कशी बांधावी यावरचे एक पातळ पुस्तक त्याने कुठून तरी मिळवले आणि ते स्टुलावर बसून, कादंबरी वाचावी तसे, पात्रांचे आवाज काढून वाचले. बायकांनी ऐकून ऐकून छत्री शिवली. पाकळी कापायचा पत्र्याचा साचा वाचनशाळेने विकत घेतला. त्याच्यावर पुस्तकासारखा दाखल-क्रमांक रंगवला. तो घरी न्यायचा तर कार्डावर सही करून दहा दिवसांसाठी. मोठ्या कात्र्या, दाभण, काड्या वाकवायचा चिमटा, सगळे कपाटात, ग्रंथांच्या शेजारी. परवाने कसे काढायचे, सहकारी भांडारांना माल कसा द्यायचा, कापड कुठे स्वस्त, हे सगळे त्या स्टुलावरून वाचले जाई. आणि वाचणाऱ्याचा वाटा म्हणून रोज एक छत्री. आठ पाकळ्यांची, आठ जणींनी एकेक पाकळी शिवलेली.

मागच्या दालनाच्या दारात ती थांबली ती वासाने. नव्या कापडाची खळ, मशीनचे तेल, जुना कागद. आत एप्रिलच्या दुपारचा उजेड कौलांतल्या काचेतून सरळ खाली पडला होता आणि लांब मेजाभोवती आठ जणी बसल्या होत्या, डोकी खाली घालून. कोणाच्या हाताला गती नव्हती. सुई वर जाई आणि तिथेच राही, मग आठवण झाल्यासारखी खाली येई. पण लसिताने पाहिली ती भिंत. स्टुलामागच्या भिंतीवर मिटलेल्या काळ्या छत्र्या खालपासून वरपर्यंत टांगलेल्या होत्या, खुंट्यांवर, खिळ्यांवर, आणि जागा संपली तिथे वाशावरून सोडलेल्या दोऱ्यांना. वाऱ्याचा लवलेश नव्हता. तरीही त्यांतली एखादी जरा फिरे, पलीकडचे काही पाहण्यासाठी वळावे तशी, आणि पुन्हा स्थिर होई.

‘बघ, वटवाघळं लागलीत आमच्या भिंतीला,’ त्या आठ जणींतली मैमूना म्हणाली. तिच्या ओठांत दोऱ्याचे टोक होते. ‘शहरात राहून वाळलीस की गं. तिथं काय, आवाज विकून नुसता भातच खातेस का? मासे मिळत नाहीत?’

लसिताने फोन काढून लिहिले आणि रोहिणीचेचीच्या पुढे धरले : माझा आवाज गेला आहे.

रोहिणीचेचीने ते वाचले, फोन सगळ्यांत फिरवला. तो मेजाला वळसा घालून परत आला. कोणीच हळहळले नाही. वयाने सगळ्यांत थोरली देवुअम्मा, जिचे कान तरुणपणीच्या तापात गेले होते आणि जी त्यानंतर पुष्कळ वर्षे विड्या वळत आणि मग छत्र्या शिवत कुंजंबूच्या वाचनाला बसली होती, ती फोनकडे बघून म्हणाली, ‘गेला असेल इथंच कुठंतरी.’

‘एवढ्या छत्र्या कोणासाठी?’ लसिताने लिहिले.

‘वाचणाऱ्यासाठी,’ रोहिणीचेची म्हणाली. ‘कुंजंबूएट्टन गेले म्हणून वाटा जात नाही ना. रोज एक बांधतोच आम्ही.’

‘बांधतात कसल्या!’ दारातून आवाज आला. वाचनशाळेचे अध्यक्ष नंबियार माष, निवृत्त शिक्षक, छातीशी वर्तमानपत्र धरून उभे होते. ‘वाचणाऱ्याची तेवढी वेळेवर होते, विकायच्या मागं पडतात. लसिते, तुझ्या या चेच्यांना तूच विचार. तुझे वडील गेले ते त्या स्टुलावर, बातमी वाचता वाचता. वाक्य अर्धं राहिलं. काय वाक्य होतं ठाऊक आहे? सहकारी भांडारांना शाळेच्या छत्र्या पुरवण्याची सूचना! वर्तमानपत्र तिथंच पडलेलं. एकीनं, एकीनं उचलून पुढची ओळ वाचली नाही. मुदत टळली, हंगाम गेला, दोघीजणी कपड्याच्या कारखान्यात निघून गेल्या, त्यांच्या जागी नवख्या बसवाव्या लागल्या. साक्षर गाव म्हणे! सगळ्या दहावी-बारावी शिकलेल्या!’

‘वाचता येतं हो माष,’ मैमूना म्हणाली. ‘ऐकायचं राहिलंय.’

‘मी वाचून दाखवलं की! दोनदा!’

‘तुम्ही वाचलंत, पण वाटा घेतला नाहीत. म्हणालात, मला निवृत्तिवेतन आहे, मला छत्री कशाला. वाटा न घेणाऱ्याचं वाचणं कानात कसं जाणार? वर्गात असल्यासारखं वाटलं. नवख्या दोघींनी तर हात वर केले.’

मेजावरून हसू गेले. पण ते देवुअम्मापाशी पोहोचून संपले तेव्हा पुन्हा सुया थबकलेल्या होत्या. माष लसिताला बाहेर पायरीवर घेऊन आले. त्यांचा स्वर उतरला होता. ‘हसण्यावारी नेतात, पण भिऊन आहेत,’ ते म्हणाले. ‘यंदाची सूचना आज आलीय. हीही गेली तर दालन मोकळं करावं लागेल, बाळ. वाचनशाळेकडे यांना पोसायला काही नाही. मी पाया पडलो तरी माझ्याकडून ऐकणार नाहीत. तू कुंजंबूची. तू बस.’ त्यांनी छातीशी धरलेले वर्तमानपत्र तिच्या हातात दिले. तिने घशाकडे बोट दाखवून मान हलवली, तेव्हा त्यांनी ओशाळून दुसरीकडे पाहिले.

वाचनशाळेच्या आवारात फणसाखाली ती बसून राहिली. कोणीतरी कपात काळा चहा आणि केळ्याची भजी आणून ठेवली. उद्या सकाळी वर्षश्राद्ध, संध्याकाळची गाडी, परवा सोमवार. तिने घशाला हात लावला. बोटांखाली नस नियमाने उडत होती, दाराआड चालणाऱ्या माणसासारखी. लहानपणी अच्छन वाचत असताना ती कधी कधी स्टुलावर चढून त्याच्या पाठीला पाठ लावून बसे, आणि आवाज कानात येण्याआधी पाठीत येई. शब्द नव्हेत, शब्दांचे वजन. मग तो मध्येच थांबे, पाणी पिई, आणि त्या थांबण्यात शेडमधल्या सगळ्या कात्र्या थांबत. ती शांतता तिला आवडत नसे. इतकी माणसे एका माणसाच्या घशाला बांधलेली आहेत हे तिला कळत नव्हते, तरी त्याची भीती वाटे. आणि पुढे आपला आवाज कोणाच्या हातांना बांधलेला नसावा म्हणूनच तर तिने बंद खोली पसंत केली होती, जिथे काचेपलीकडे एक अंगठा वर होतो आणि काम संपते. फोन थरथरला. फेबिनचा निरोप होता : ‘चेची, काळजी करू नकोस, आराम कर. तुझं जुनं ध्वनिमुद्रण पुष्कळ आहे आमच्याकडे. मशीनला ऐकवलं, तिनं आवाज तयार केला. सोमवारी यायची गरज नाही. ऐकून बघ, फरक ओळखूच येणार नाही!’ खाली ध्वनिफीत होती. तिने ती लावली. फणसाखाली, भर दुपारी, तिच्या आवाजाने एकेका धक्क्याचे नाव घेतले, जी नावे तिने कधीच ध्वनिमुद्रित केली नव्हती. उच्चार अचूक होते. दोन नावांमध्ये श्वासही होता. तो श्वास ऐकून तिच्या मानेवर काटा आला, कारण तो श्वास कोणी घेतलेला नव्हता. तिने फीत बंद केली. आणि मग, बराच वेळ, स्वतः श्वास घेण्याचे तिला धैर्य झाले नाही. तिने घेतला असता तर दोन झाले असते.

मागच्या दालनातून काहीच आवाज येत नव्हता. आठ जणी कामाला बसलेल्या एका खोलीतून इतका कमी आवाज येऊ शकतो हे तिला खरे वाटेना. ती उठली. आपण त्यांना फक्त दाखवणार आहोत, असे तिने मनाशी ठरवले : स्टुलावर बसायचे, वर्तमानपत्र उघडायचे, तोंड हलवायचे, आणि काही ऐकू येत नाही हे एकदा त्यांना पाहू द्यायचे. म्हणजे त्यांची वाट पाहणे संपेल. त्यानंतर त्या स्वतःच पत्र उचलतील. हे दयेचेच होते.

ती आत येताच रोहिणीचेची उठली, भिंतीकडे गेली आणि सगळ्यांत खालची छत्री काढून तिच्या पुढे धरली. ‘आधी हे घे,’ ती म्हणाली. लसिताने घेतली. कापड थंड होते. शिवणींवरून तिचे बोट आपोआप फिरले : ही मैमूनाची, दाट आणि घाईची, ही रोहिणीचेचीची, सरळ, या दोन नवख्या, एक घट्ट, एक सैल, आणि ही देवुअम्माची, जिच्यात टाके एकसारखे नव्हते, वाक्यासारखे होते, लांब, आखूड, आखूड, लांब. अच्छनचा वाचण्याचा ठेका तिच्या बोटाखालून गेला. तिने छत्री झटकन मांडीवर टेकवली. ती स्टुलावर केव्हा बसली ते तिच्या लक्षात आले नव्हते.

‘आधी ते जुनं संपव,’ देवुअम्मा म्हणाली, मान वर न करता. ‘अर्धं टाकून पुढं जायचं नसतं.’

स्टुलाशेजारच्या घडवंचीवर गेल्या वर्षीचे वर्तमानपत्र तसेच होते, उन्हाने पिवळे, घडीवर फाटू लागलेले. ‘छत्र्यांचा पुरवठा करू इच्छिणाऱ्या महिला गटांनी…’ इथवर अच्छन पोहोचला होता. कशी कोण जाणे, पण तिला जागा शोधावी लागली नाही. तिने तोंड उघडले. पुढची ओळ वाचली. दालनात काही झाले नाही. कौलावरून खार धावल्याची खरखर आली, गेली. तिच्या ओठांनी अनुक्रमाने शब्द केले, जसे ते आरशासमोर करीत, आणि घसा रिकामा राहिला. आता कोणीतरी म्हणेल, राहू दे, मोळे. ती ओळीच्या शेवटी आली.

देवुअम्माची सुई खाली गेली. वर आली, खाली गेली. लांब, आखूड, आखूड. मग तिच्या शेजारणीची. मग पलीकडची. मेजावर ताणलेल्या लांब काळ्या कापडातून काहीतरी सरकत गेल्यासारखे झाले, आणि आठही सुया एकत्र चालू लागल्या. लसिता वाचत राहिली, कारण थांबण्याची जागा आलेली नव्हती. जुनी सूचना संपली. तिच्याखाली एक लहानशी बातमी होती : बकरीने पंचायतीचा ठराव खाल्ला म्हणून सभा पुन्हा घ्यावी लागली. ‘खाल्ला’पाशी तिचे ओठ आले आणि मैमूना फिस्सकन हसली. ‘आमच्या पंचायतीला पण एक बकरी द्या म्हणावं,’ ती म्हणाली. नवख्यांतली एक जरा उशिराने हसली.

ही दया आहे, लसिताने स्वतःला समजावले. या जुन्या बायका आहेत, मला सांभाळून घेत आहेत. ती बातमी वर्षभरात कोणीतरी चोरून वाचली असेल. तिने आजचे वर्तमानपत्र उघडले, जे माषांनी मघाशीच तिच्या हाती दिले होते, ज्याची घडी त्यांच्याखेरीज कोणी मोडली नव्हती. आतल्या पानावर, तळाशी, यंदाची सूचना होती. तिने ती वाचली. यावेळी ओठसुद्धा हलवले नाहीत. डब्यातल्या त्या माणसासारखी, अशिष्टपणे, केवळ डोळ्यांनी.

‘थांब,’ रोहिणीचेची म्हणाली. ‘रंगाचं काय म्हणालीस? परत वाच.’

 लसिता त्या ओळीवर परत गेली. लहान मुलांसाठी पिवळ्या, मोठ्यांसाठी काळ्या.

‘पिवळं कापड लागणार,’ रोहिणीचेची मेजाकडे वळून म्हणाली. ‘माष! संगणक लावा. यंदाचा अर्ज आत्ताच्या आत्ता भरायचा. लहानांसाठी पिवळ्या म्हणालीय.’

नंबियार माष दारात होते. त्यांचा चेहरा लसिताने पाहिला. त्यांनी रोहिणीचेचीकडे पाहिले, मग स्टुलाकडे, मग आपला उजवा कान बोटाने हळूच चोळला, एकदा, दोनदा. आणि ते पुढच्या दालनात गेले. संगणक सुरू होतानाची बारीक सनई ऐकू आली. म्हणजे कानांना सारे ऐकू येत होते. ती सनई, खार, सुयांची टपटप. तिने त्या सगळ्यांत स्वतःला शोधले. आपण काय ऐकवतो आहोत, कोणाच्या स्वरात, हे तिला एकटीलाच कळत नव्हते. अच्छनच्या? की फणसाखाली वाजलेल्या त्या अचूक स्वरात? तिला विचारावेसे वाटले, आणि विचारायला तोंड नव्हते. ती त्या विचारात पत्राच्या कडेवरून पलीकडे बघू लागली, भिंतीकडे, जिथे खालची एक खुंटी रिकामी झाली होती.

सुया थांबल्या. आठही, एकाच उंचीवर, उजेडाच्या त्या सरळ पट्ट्यात. कोणी मान वर केली नाही. श्वाससुद्धा जणू कापडात खुपसून ठेवला होता. मांडीवरच्या छत्रीची एक काडी आपोआप सैल झाली आणि पुन्हा बसली.

खूप लहानपणी ज्या शांततेला ती भीत असे ती हीच, फक्त तेव्हा तिला ती समोरून पाहता आली नव्हती. फोन पिशवीत थरथरून गप्प झाला. उद्याच्या गाडीचे तिकीट पिशवीतच होते. तिने पत्र जरा वर उचलले, उजेड नीट पडावा म्हणून, आणि नजर पुन्हा ओळीवर ठेवली.

आठही सुया खाली आल्या.

‘हां,’ देवुअम्मा समाधानाने म्हणाली. ‘आता चांगलं ऐकू येतंय. पण इतक्या जोरात नको, मोळे. मी काही बहिरी नाही.’

लसिताने पान उलटले.